डावीकडचा ब्रेक

रत्नागिरीत परटवण्याच्या उतारावर गोदूबाई डोक्यावर टोपली घेऊन रस्ता ओलांडत होती आणि माझी गाडी तिच्या अंगावर गेली नाही. गेली नाही ती तिच्यामुळे. तिनेच मागे उडी मारली, टोपली कलंडली, चार बांगडे डांबरावर पडले, आणि मी तिच्या लुगड्याला आरसा चाटवून तशीच खाली उतरत गेले. मागून तिचा आवाज आला, "डोळे हायत की बटनां गो? मारतंस काय?" शेजारी सासूबाई बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी नुकतेच थेंब घातले होते, त्यांना सगळं जग धुक्यात दिसत होतं, त्यामुळे त्यांनी काय पाहिलं देव जाणे, पण त्या खूश होऊन म्हणाल्या, "बरी चुकवलीस हो! माझ्या सर्वेशलाही जमली नसती." मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण तोंड आपोआप हसलं. खाली सपाटी लागल्यावर गाडी मंदावली, मी ती एका आवाराच्या चिऱ्याच्या गडग्यापाशी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवरून हात काढायला गेले, तर ते निघेनात.

गोदूबाईला लागलं नव्हतं. आरशात दिसत होती, वाकून बांगडे गोळा करत होती आणि थांबलेल्या एका रिक्षावाल्याला हातवारे करून माझी कुळकथा सांगत होती. आमच्या शिरगावच्या दारात तीच मासे घेऊन येते, मी तिच्याशी घासाघीस करते, ती मला नावं ठेवते, असं आमचं वर्षानुवर्षं चाललेलं आहे. मी काचेतून मान काढून ओरडले, "लागलं नाही ना गं?" तिने हातानेच, जा आता, असं केलं. उतरून तिच्याजवळ जायला हवं होतं, पण मी सीटवरच बसून राहिले. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला गोदूबाईची काळजी राहिलीच नव्हती. मला माझ्या उजव्या पायाची भीती वाटत होती. ती समोर आली तेव्हा मी तिला नीट पाहिलं होतं, तिच्या नाकातली चमकीसुद्धा पाहिली होती. गाडी थांबवायला हवी हे मनात लख्ख आलं होतं. पाय एक्सलरेटरवरून उचलला गेला, ब्रेकवर आला, आणि तिथे नुसता टेकून राहिला. दाबला नाही. वाट बघत राहिला. दाराशी उभा राहून कोणी आत बोलावतंय का म्हणून ताटकळणाऱ्या पाहुण्यासारखा तो त्या ब्रेकवर उभा होता, आणि गाडी उतारावरून गोदूबाईकडे चालली होती.

मी जन्माची घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, नाटे गावी, बाबांची होडी परतायला उशीर झाला की घरात सगळे जेवत असायचे आणि मी ओट्यावर बसून खाडीच्या तोंडाकडे बघत असायचे. होड्यांना घाबरणाऱ्या त्या मुलीला नवरा मिळाला तो जहाजावरचा, सर्वेश. आता वीस वर्षं मी फोनच्या रिंगला घाबरते. गॅसचा नॉब बंद केला की नाही ते तीनदा बघते, मुलगी कॉलेजातून यायला जरा वेळ झाला की फाटकापर्यंत चार फेऱ्या घालते, आणि सासूबाई खाटेवरून म्हणतात, "घाल, घाल, अंगणाला तेवढाच रोलर फिरतो." घरात माझ्या भीतीची अशी थट्टा होते आणि मी ती हसून घेते, कारण आजवर माझी एकही भीती खरी झालेली नाही. म्हणून तर गाडी शिकले तेव्हा केवढं कौतुक झालं. सर्वेशने मागल्या सुट्टीत ही गाडी घेतली, दारात उभी केली आणि जहाजावर जाताना म्हणाला, "शिक आता. आईला डॉक्टरकडे न्यायला रिक्षाची वाट बघत बसू नको." मी शिकले. पहिल्या प्रयत्नात लायसन मिळालं. ड्रायव्हिंग क्लासच्या दर्शन सरांनी व्हिडिओ कॉलवर सर्वेशला सांगितलं, की वहिनींचा ब्रेक म्हणजे लोण्यातून सुरी. त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस तरंगत होते.

दर्शन सरांच्या क्लासची पांढरी गाडी. आत उदबत्तीचा वास, पुढे डोलणारा छोटा गणपती, आणि डावीकडे सरांच्या पायापाशी एक जादा ब्रेक. तो मला पहिल्याच दिवशी दाखवला होता. "घाबरायचं नाही वहिनी, अगदीच वेळ आली तर मी आहे." बायकांवर ओरडत नाहीत म्हणून सरांचं शहरभर नाव. त्यांचं सगळं शिकवणं समोरच्याविषयी असायचं. समोरचा प्रत्येक जण वेडा आहे असं धरून चालवायचं. तो हात दाखवेल डावीकडे आणि वळेल उजवीकडे, रिक्षा कुठेही थांबेल, पुढच्या गाडीपासून अंतर राखा, वळणावर हॉर्न द्या, उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवा. मला हे फार पटायचं. जगाला घाबरण्याचं मला प्रथमच कोणीतरी शास्त्र म्हणून शिकवत होतं. आणि मी स्वतःवर थक्क व्हायचे. मारुती मंदिरापाशी कोणी मध्ये आलं, साळवी स्टॉपला एसटी अचानक थांबली, तरी आमची गाडी मऊसूत थांबायची, गणपती थोडासा पुढे झुकायचा, आणि सर खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "व्वा." मी मनात म्हणायचे, मनिषा, तुला हे उपजतच येत होतं की काय.

गडग्यापाशी बसून मी गाडी चालू ठेवली आणि ब्रेक दाबून पाहिला. जोर लागला. थोडासाच, पण लागला. पुन्हा दाबला, पुन्हा लागला. आणि तेव्हा लक्षात आलं, क्लासच्या गाडीत अचानक थांबताना तो जोर मला कधीच लागला नव्हता. तिथे मी पाय टेकवायचे आणि ब्रेक माझ्या तळव्याखाली स्वतःहून खाली जायचा. पाय त्याच्याबरोबर खाली जायचा आणि डोक्याला वाटायचं, पाय दाबतोय. दोन ब्रेक एकमेकांना आतून जोडलेले. त्यांनी दाबला की माझाही दबणार. गेला महिनाभर मी एकटी गाडी नेत होते ती बाजारापर्यंत, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता. थांबायचे ते ठरवून, लांबून, हळूहळू. ठरवून थांबणं मला येत होतं. अचानक थांबायची वेळ आजवर माझ्यावर आलीच नव्हती. जेव्हा जेव्हा आली होती, तेव्हा शेजारी दर्शन सर होते.

"काय गो, बंद पडली काय गाडी?" सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, नाही, चालू आहे. "मग चल की. डोळ्यांत मेले उजेडाचे भाले जातायत." मी निघाले. शिरगावपर्यंतचा तो रस्ता मी कसा पार केला ते सांगता येणार नाही. पहिल्या गिअरमध्ये, घामाने ओली, प्रत्येक कोंबडीला हॉर्न देत. मागे गाड्यांची रांग लागली, एक टेम्पोवाला बाजूने जाताना ओरडून काहीतरी बोलला. आणि तेव्हा, घराच्या वळणावर, ती दुसरी गोष्ट आठवली आणि पहिली भीती पार लहान झाली. आज दुपारी अक्षया ही गाडी घेऊन जाणार होती.

अक्षया माझी मुलगी. तिने कॉलेज सांभाळून दर्शन सरांकडेच क्लास लावला होता आणि तिचं लायसन याच आठवड्यात आलं होतं. आरे-वारे गावांच्या किनाऱ्यावरच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला, तिची मैत्रीण ईशा आणि आणखी एक जण, असा बेत महिनाभर शिजत होता. बापाने जहाजावरून परवानगी दिली होती. मीही दिली होती, कारण सरच म्हणाले होते, "पोरगी आईवर गेलीय वहिनी. ब्रेकला एकदम हलकी."

घरी पोचले तर क्लासची पांढरी गाडी फाटकात उभी. अक्षयाला आज सरांनी शेवटची फेरी मारून आणली होती आणि तिने त्यांना पेढे खायला आत बोलावलं होतं. सर ओट्यावर बसले होते, पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायांत ती नेहमीची मऊ रबरी सँडल. मी त्या सँडलकडे बघत राहिले. सासूबाईंना आत खाटेवर नेऊन बसवलं, अक्षया पाणी आणायला गेली, तेवढ्यात मी विचारून टाकलं.

"सर, मी शिकत होते तेव्हा ब्रेक कोण दाबत होतं?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मग कळला आणि ते मनापासून हसले. "अहो वहिनी, मीच की. नाहीतर एवढ्यात तुम्ही चार तरी खपवले असते."

"प्रत्येक वेळी?"

"अचानक काही आलं की मी दाबणारच. शिकणाऱ्याला उशीर होतो. कसा दाबतो, कळला कधी तुम्हाला? नाही ना? तीच तर कला आहे. दुसरे क्लासवाले धाडकन मारतात, शिकणारा दचकतो, रडतो, दुसऱ्या दिवशी येत नाही. माझ्याकडे आजवर कोणी घाबरून क्लास सोडला नाही." त्यांनी पेढा तोंडात टाकला. त्यांच्या चेहऱ्यावर जराही लबाडी नव्हती. चांगला माणूस, पन्नाशीचा, स्वतःच्या पायावर खूश.

"पण मग आम्हाला येतं का, हे आम्हाला कसं कळणार?"

"रस्त्यावर आलं की येतं हो आपोआप. मला कोणी शिकवलं? बापाच्या टेम्पोवर शिकलो मी, त्याला धड ब्रेकच नव्हते." ते पुन्हा हसले, आणि मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "काय झालं? कुठं ठोकलीत काय?"

मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मग कशाला टेन्शन घेताय," आणि उठले. गाडी फाटकातून मागे घेताना त्यांनी मला हात केला.

मी ओट्यावर बसून राहिले. एक पोस्टातल्या बाई, आमच्या दातांच्या डॉक्टर, मिठाईच्या दुकानातल्या दोघी बहिणी, नाचणे गावचे ते निवृत्त मास्तर जे साठीनंतर गाडी शिकले म्हणून पेपरात फोटो आला होता, सर्वेशचा आतेभाऊ अनिल, ही सगळी दर्शन सरांची माणसं. कितीतरी वर्षांची. ती सगळी आत्ता या क्षणी रत्नागिरीच्या रस्त्यांवर होती, जयस्तंभाच्या उताराला, हातखंब्याला, टँकरच्या मागे, शाळा सुटायच्या वेळेला शाळेसमोर. सगळ्यांना वाटत होतं समोरचा वेडा आहे. सगळ्यांना वाटत होतं आपला ब्रेक चांगला आहे. कित्येकांना एव्हाना खरंच येतही असेल, सर म्हणाले तसं, आपोआप. पण आपोआप येण्याआधी एक पहिली वेळ यावी लागते, आणि त्या पहिल्या वेळी समोर कोणीतरी असतं. माझ्या वेळी गोदूबाई होती. चपळ बाई म्हणून वाचली. अक्षयाच्या वेळी कोण असेल? की अक्षयाच्या समोर नुसता घाटाचा कठडा असेल आणि पलीकडे काही नसेल? आयुष्यभर मी नाही नाही ते घडेल म्हणून घाबरत आले होते, आणि आता जे घडणार हे मला धडधडीत दिसत होतं, ते सांगायला गेले तर घरात थट्टा होणार होती, कारण सांगणारी मी होते.

झालंही तसंच. अक्षया ओढणी सावरत गाडीची किल्ली मागायला आली आणि मी तिला सगळं सांगितलं, गोदूबाईसकट. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, तुझं तसं झालं असेल. माझं नाही. मला कळतं ना मी दाबते ते."

"मलाही कळत होतं."

"तू घाबरतेस गं. घाबरलं की पाय गोठतो. मी नाही घाबरत."

"तेच तर."

आतून सासूबाई ओरडल्या, "जाऊ दे गो तिला! तुझ्या पोटात गोळा येतो म्हणून पोरीनं काय घरात बसायचं?" मी किल्ली हातात घट्ट धरून उभी होते. नाही म्हणता आलं असतं. आज नाही म्हटलं असतं, मग उद्या नाही म्हटलं असतं, आणि एक दिवस मी डॉक्टरकडे किंवा नाट्याला गेलेली असताना तिने किल्ली घेतली असती. तो ब्रेक तिच्या पायात नव्हताच, तो असा घरात बसून येणार नव्हता. मी म्हटलं, "मैत्रिणींना तासाभराने घे. आधी आपण दोघी. आरे-वाऱ्यापर्यंत." तिने डोळे फिरवले, पण फोन लावला.

मी डावीकडे बसले. त्या बाजूला बसायची मला सवयच नव्हती. खरं तर कोणत्याच बाजूची नव्हती. गाव संपता संपता समोरून एसटी आली, रस्ता अरुंद, आणि माझा पाय गाडीच्या तळावर कचकन रोवला गेला. त्याच क्षणी अक्षयाने ब्रेक दाबला. छान दाबला. गाडी कडेला थांबली, एसटी गेली, आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं, की बघ. मला केवढं हायसं वाटलं. बसणी गावापर्यंत मी स्वतःला शिव्या देत होते. उगाच पोरीचा दिवस नासला, उगाच सरांना काही बाही विचारलं. पुढे एक म्हैस आडवी आली, माझा पाय पुन्हा तळात रुतला, ती पुन्हा सुरेख थांबली. तेव्हा मला काहीतरी खुपलं. काय ते लगेच कळलं नाही. काळबादेवी गावाच्या अलीकडे एक रिक्षा गल्लीतून नाक बाहेर काढून उभी होती, येऊ का नको करत. मी मांडीवर दोन्ही हात दाबून पाय हलू दिले नाहीत. मी तिच्या पायाकडे बघत होते. तो ब्रेकवर आला, टेकला, आणि राहिला. रिक्षा पुढे सरकली. तो तसाच राहिला. मला सहन झालं नाही, माझा पाय उडाला, आणि गाडी थांबली. तिला काहीही कळलं नव्हतं. ती समोर बघत होती, डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारच्या गुडघ्याची हालचाल तिच्या पायापर्यंत पोचत होती, जशी इतके दिवस दर्शन सरांची पोचत होती. माझी भीतीच तिचा ब्रेक झाली होती. मी बाजूला बसून घाबरत राहिले तर ती जन्मभर सुखरूप गाडी चालवणार होती, आणि ज्या दिवशी मी बाजूला नसेन त्या दिवशी नाही.

चढ लागला. वर गेल्यावर डावीकडे समुद्र एकदम खोल खाली दिसतो, आणि मग तिथून रस्ता वळणं घेत वारे गावाच्या सुरूच्या बनाकडे उतरतो. सुट्टीचे दिवस, कडेला बाहेरगावच्या गाड्या लागलेल्या, माणसं कठड्यावर बसून फोटो काढत होती. मी म्हटलं, "हळू घे हं. अगदी हळू." ती म्हणाली, हळूच आहे. मग मी चपला काढल्या, पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसले.

"हे काय?" अक्षया म्हणाली.

"पायाला मुंग्या आल्यात."

उजवा हात मात्र मी हँडब्रेकवर ठेवला. इतकी मी काही साध्वी नाही. गाडी उताराला लागली आणि मला माहेरचा तो ओटा आणि खाडीचं तोंड आठवलं. तेव्हा निदान मी बघत होते म्हणून होडी येते असं मला वाटायचं. इथे मला काहीही न करता बसायचं होतं. घाबरायचं, पण ते गुडघ्यापर्यंत येऊ द्यायचं नाही, श्वासात येऊ द्यायचं नाही. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाच्या पलीकडे एक माणूस बायकोचा फोटो काढत होता. बायको कठड्याला टेकून उभी, आणि हा फोन डोळ्यांसमोर धरून तिला सबंध समुद्रासकट बसवायला एकेक पाऊल मागे येत होता, रस्त्यावर, आमच्याकडे पाठ करून. त्याचा शर्ट पिवळा होता. अक्षयाने हॉर्न दिला. वारा समुद्राकडून होता, त्याला ऐकू गेलं नसावं. तो आणखी एक पाऊल मागे आला. तिचा पाय ब्रेकवर आला. टेकला. मी बघितला. आणि राहिला. माझ्या तोंडात ओरडणं येऊन बसलं होतं, ते मी दातांनी धरलं. हात हँडब्रेकवर आवळला. तिने एका क्षणात डावीकडे खाली पाहिलं, जिथे माझे पाय असायला हवे होते. तिथे काही नव्हतं.

मग तिने दाबला. सगळा जोर लावून, क्लच न दाबता. गाडी करकरत, आचके देत बंद पडली, मी मांडीसकट पुढे जाऊन डॅशबोर्डवर हात टेकले, तो माणूस वळला आणि फोन छातीशी धरून कठड्याकडे पळाला. त्याच्या बायकोने त्याला एक चापट मारली आणि मग तिलाच रडू आलं. मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

अक्षया स्टिअरिंग धरून बसली होती. ओठ पांढरे पडले होते. ती म्हणाली, "आई, पाय दाबतच नव्हता."

"हो."

"मी सांगत होते त्याला. तो दाबतच नव्हता. मला भीती वाटली गं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मला रडायला यायला हवं होतं, पण मला इतकं बरं वाटत होतं की मला माझीच लाज वाटली. कोणत्या आईला पोरगी भ्यायली म्हणून आनंद होतो? मला झाला. तिची भीती आता तिची होती, आणि तिने ती स्वतःच्या पायाने दाबली होती.

गाडी कशीबशी कडेला घेतली. खाली समुद्राचा आवाज येत होता. ती उतरली, गाडीला वळसा घालून माझ्या दाराशी आली, दार उघडलं आणि म्हणाली, "तिकडे बस."

"मी? या उताराला?"

"तुझ्याही पायात नाहीये ना. मग? गोदूबाई रोज उडी मारणार आहे?"

मी बाहेर आले. पाय खरंच झोपले होते, डांबर टोचत होतं, चपला गाडीतच राहिल्या होत्या. मी अनवाणीच उजवीकडे जाऊन बसले. अक्षया डावीकडे बसली, सँडल काढल्या, एकेक पाय उचलून सीटवर घेतला आणि ओढणी गुडघ्यांवर नीट पसरली. तिने हात कुठेच ठेवला नाही. हँडब्रेकवरसुद्धा नाही. "हात ठेव गं निदान," मी म्हटलं. ती समोर बघत राहिली.

मी गाडी सुरू केली. आरसा बघितला, मागे कोणी नव्हतं. पुढेही कोणी नव्हतं, वळणापर्यंत सगळा रस्ता रिकामा, आणि तो खाली खाली जात होता. गाडी उताराला लागली आणि वेग घ्यायला लागली. थांबायचं काही कारण नव्हतं. मी पाय ब्रेकवर टेकवला. वाट बघितली. कोणी आलं नाही. मग मी दाबला.